आग आणि इन्साफ

श्रीमंताची महागडी मोटार भररस्त्यात पेटली की बघ्यांपैकी काहींना मनातून बरे वाटते. 'पैशाची मस्ती जिरली,' असे ते म्हणतात. हा आनंद रास्त आहे काय?

२०१० साली फेरारी कंपनीच्या '४५८ इटालिया' या नव्याकोऱ्या गाड्या ठिकठिकाणी पेटल्या. कारण मस्तीचे नव्हते, गोंदाचे होते. मागील चाकांच्या कमानीत वापरलेला गोंद अति उष्णतेने पेट घेऊ शकत होता. कंपनीने त्याच वर्षी १,२४८ गाड्या परत बोलावून गोंदाऐवजी धातूची जोडणी बसवली. मालकाचा यात काय गुन्हा होता? दुसऱ्याच्या नुकसानीत आपला न्याय शोधणारा माणूस न्यायाला ओळखतच नाही.

आता दुसरी आग पाहा. फोर्डची 'पिंटो' ही स्वस्त मोटार अमेरिकेत १९७० साली विक्रीस आली. मागून धडक बसली की तिची पेट्रोलची टाकी फुटण्याचा धोका होता. माणसे होरपळून मेली. सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या, पण तोवर १९७८ साल उजाडले होते.

हजारभर गाड्या सुधारणे सोपे, लाखो गाड्या सुधारणे कठीण, हे मान्य. पण जिथे गाड्या लाखो, तिथे धोक्यातले जीवही लाखो. मग घाई कुठे हवी होती?

आग गरीब-श्रीमंत पाहत नाही. इलाज करणारे पाहतात. म्हणून जळत्या फेरारीवर हसण्यापेक्षा तिला मिळालेली तत्परता स्वस्त गाडीलाही मिळावी, असा आग्रह आपण धरला पाहिजे.