‘विसरून जा’ हा सल्ला

मोठ्या आघातातून वाचलेल्या माणसाला भेटायला गेलो की आपल्या ओठांवर एकच वाक्य येते : ‘झाले गेले विसरून जा.’ त्यामागे माया असते यात शंका नाही. पण ते वाक्य दुःखिताच्या उपयोगी पडते, की केवळ ऐकण्याच्या कष्टातून आपली सुटका करते?

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न डॉ. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्यापुढे उभा राहिला. निलगिरीतील तोडा जमातीवर १९०६ साली ग्रंथ लिहिणारे हे इंग्रज वैद्य पुढे एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात काम करू लागले. आघाडीवरून परतलेले अधिकारी तेथे भयंकर स्वप्नांनी दचकून उठत. ‘युद्धाचा विचार मनात आणू नका’ असा उपदेश त्यांना झालेला असे. दिवसा दडपलेले सारे रात्री अधिक बळाने परत येई.

त्यांतील एका अधिकाऱ्याला स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेला आपला मित्र स्वप्नात दिसे. रिव्हर्स यांनी त्याला स्मृती टाळायला सांगितले नाही. तिची एक बाजू दाखवली. देहाची ती अवस्थाच सांगत होती, की मृत्यू तत्क्षणी आला, मित्राला यातना भोगाव्या लागल्या नाहीत. पुढे स्वप्न पुन्हा पडले, पण त्यात तो मित्राशेजारी गुडघे टेकून बसला होता. जागा झाला तेव्हा भय नव्हते. वियोगाचे दुःख तेवढे होते.

भयाचे दुःखात रूपांतर व्हावे, एवढेच या उपचाराचे फळ. ते लहान नव्हे. दुःख माणसाचे असते. भय माणसालाच ताब्यात घेते.

मेंदूच्या अभ्यासानेही याला दुजोरा दिला आहे. बोस्टन येथील संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात रुग्णांना त्यांच्याच आघाताचे वर्णन ऐकवले. तेव्हा भयाशी निगडित अमिग्डला हा भाग उत्तेजित झाला आणि वाणीशी निगडित भाग मंदावला. ‘वाचा बसली’ असे आपण म्हणतो, ते किती खरे! उलट, ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आठ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात, आघाताला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणाऱ्या उपचारानंतर अमिग्डलाची खळबळ घटलेली आणि भावनांना आवर घालणाऱ्या भागाचे कार्य वाढलेले आढळले. स्मृती पुसली जात नाही. ती आठवताना ‘हे आता घडत नाही, तेव्हा घडले’ असे मनाला उमगू लागते.

मग प्रत्येकाला बोलते करावे काय? नाही. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सारे वदवून घेतल्याने पुढचा विकार टळत नाही, असे अनेक अभ्यासांच्या आढाव्यांतून दिसले आहे. जखमेवरची पट्टी कोणी, केव्हा सोडावी याला मर्यादा आहेत. रिव्हर्स यांच्याही एका रुग्णाची स्मृती इतकी किळसवाणी होती, की तिला सांत्वनाची बाजूच सापडेना. त्यांनी खोटे सांत्वन रचले नाही. ज्या शांत ग्रामीण जीवनात त्याला आराम पडे, तिकडे जाण्याचा मार्ग दाखवला.

आणखी एक गल्लत आपण टाळली पाहिजे. पापनिवेदनात माणूस आपला दोष सांगतो. येथे तो आपल्यावर कोसळलेले सांगत असतो. हा भेद विसरलो, तर पीडिताच्याच माथी अपराधाचे ओझे चढते. आधीच ‘मीच का वाचलो?’ या प्रश्नाने तो खंगलेला असतो.

उपचार करणे हे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञांचे काम. घरच्यांचे काम अधिक साधे, म्हणूनच अधिक अवघड : विषय न बदलता बसून राहणे. ‘विसरून जा’ऐवजी ‘सांगावेसे वाटेल तेव्हा मी आहे’ असे म्हणता आले, आणि म्हटल्याप्रमाणे वागता आले, तर आपली माया त्याच्यापर्यंत पोहोचेल.