पेटी सुरांत लावणाऱ्याची मजुरी

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पियानो सुरांत लावून उपजीविका करणारे थोडे कारागीर आहेत. एका पियानोंत सुमारें सव्वादोनशें तारा असतात. पावसाळ्याच्या दमट हवेनें आंतील लांकूड फुगलें म्हणजे त्यांचा मेळ बिघडतो, आणि मग हा कारागीर येऊन एकेक तार ताणून जागेवर आणितो. अशा धंद्यांत गाऱ्हाणें असतें तें हें कीं, काम होतें, गिऱ्हाईक संतुष्ट दिसतें, परंतु पैसे येत नाहींत.

वाचकहो, भंडारा जिल्ह्याच्या खेड्यांत पियानो कोण ठेवितो, असें तुम्ही म्हणाल. परंतु बाजाची पेटी कोठें नाहीं? भजनीमंडळांत ती आहे, दिवाळीनंतर मंडईच्या रात्रीं झाडीपट्टीचें नाटक उभें राहतें तेथें ती आहे, आणि आपल्या प्रार्थनामंदिरांतही ती आहे. पॅरिस येथें अलेक्झांद्र देबें ह्यानें १८४२ सालीं ह्या वाद्याचें पेटंट घेतलें. खालीं बसून हातानें भाता हालविण्याजोगें रूप तिला पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं दिलें. आज ती परकी आहे असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. तेव्हां ती सुरांत लावणाऱ्या मनुष्याची मजुरी हा प्रश्न आपलाही आहे.

त्याचें काम काय असतें तें आधीं पाहूं. पेटीच्या पोटांत पितळेच्या जिभा असतात. पितळ म्हणजे काय हें भंडाऱ्याच्या लोकांस शिकवावयास नको; आपलें शहर पितळी भांड्यांसाठींच प्रसिद्ध. ही जीभ टोंकाशीं किंचित् खरवडली तर स्वर चढतो, मुळाशीं खरवडली तर उतरतो. खरवडावयाचें तें इतकें थोडें कीं डोळ्यांस दिसूं नये. हात जरा अधिक पडला तर जीभ वायां जाते. एकेका पट्टीस दोन जिभा असल्या म्हणजे लहानशा पेटींतही सत्तर-ऐंशीं जिभा होतात. प्रत्येक काढावी, खरवडावी, बसवावी, वाजवून पाहावी. दोन जिभा एकदम वाजविल्या असतां आवाजांत जी लाट उठते ती विरेपर्यंत पुनः तेंच करावें. शिवाय भात्याचीं छिद्रें बुजवावीं, झुरळांनीं खाल्लेलें कातडें बदलावें. सकाळीं बसलेला मनुष्य दिवस मावळतांना उठतो.

आतां कल्हईवाल्याकडे पाहा. त्यानें भांडें चकाकविलें कीं नाहीं हें लहान मूलही सांगेल, आणि पैसे हातीं पडेपर्यंत तो भांडें आपल्याजवळच ठेवितो. हा त्याचा हट्ट नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १७० व्या कलमांत असें आहे कीं, दुसऱ्याच्या वस्तूवर आपले श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्यानें तिचा मोबदला मिळेपर्यंत ती वस्तु आपल्या ताब्यांत ठेवावी, मात्र उलट करार झालेला नसावा. पेटी दुकानीं नेऊन दिली तर हा हक्क पेटीवाल्यासही आहे. परंतु तो आपल्या घरीं येऊन काम करितो तेव्हां पेटी आपल्याच ओसरीवर असते. तो कशावर हात ठेवील? लाविलेला सूर पिशवींत भरून परत नेतां येत नाहीं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें तीन वर्षांच्या आंत दावा करण्याची वाट त्यास आहे खरी, पण थोड्याशा रुपयांकरितां कामधंदा सोडून कोर्टाच्या पायऱ्या कोण चढतो? म्हणजे कायदा जेथें थकतो तेथें हा मनुष्य केवळ गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकबुद्धीच्या आधारावर उभा असतो. माझ्या मतें ज्याच्याजवळ बळजबरीचें कांहीं साधन नाहीं त्याचें देणें सर्वांत आधीं फेडलें पाहिजे. आपण बहुधा उलट करितों. जो दाराशीं येऊन ओरडतो त्याचे पैसे प्रथम देतों.

येथें कोणी म्हणेल, आमच्याकडे पैसा धान विकल्यावर येतो. पूर्वीं सुतार-लोहार खळ्यावरच आपला वाटा घेत. मग उशीर हें पाप कसें? मोशेच्या नियमशास्त्रांत मजुराची मजुरी त्याच दिवशीं, सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावी असें सांगितलें आहे, आणि कारणही दिलें आहे: तो गरीब आहे आणि त्याचें चित्त तिच्यावर लागलेलें असतें. तरी बलुत्याची गोष्ट मी टाकून देत नाहीं. तो उशीर दोघांस ठाऊक होता. त्या भरंवशावरच लोहार वर्षभर फाळ शेवटून देई. वर सांगितलेल्या कलमाच्या उदाहरणांतही असा एक शिंपी आहे, ज्यानें कोट शिवून दिल्यावर तीन महिने थांबण्याचें कबूल केलें आहे. त्यास कोट अडवून धरतां येत नाहीं. तेव्हां "धान विकल्यावर देईन, चालेल काय?" असें जो पेटी उघडण्यापूर्वीं विचारतो तो प्रामाणिक आहे. जो काम संपल्यावर खिसे चाचपतो, किंवा मोबाईलवरून रात्रीं पैसे पाठवितों असें सांगून रात्रीं निजतो, त्यानें न विचारतां कर्ज घेतलें. सावकारही एवढें तरी विचारतो कीं, तुला कर्ज हवें काय.

दुसरी एक सबब फार चालते. "सूर अजून बरोबर नाहीं." असें खरोखर असेल तर तेथेंच बसून, पट्टी दाबून दाखवावी, चांगला कारागीर तें आनंदानें दुरुस्त करील. न बदललेल्या जिभेचे पैसे लावणारेही असतात. त्यांस जुनी जीभ दाखवावयास सांगावें, म्हणजे झालें. परंतु सहा महिने पेटी वाजवून, पैशांची आठवण होतांच जो दोष काढितो, त्याचा कान पेटीकडे नसून पिशवीकडे आहे.

मंडळीच्या पेटीविषयीं तर अधिकच सावध राहिलें पाहिजे. घरचें देणें एकाच्या माथ्यावर असतें. मंडळीचें देणें वडील खजिनदारावर, खजिनदार पंचांवर, पंच वर्गणीवर ढकलितात, आणि कोणासही आपण बुडविलें असें वाटत नाहीं. त्यांतून "हें देवाचें काम आहे, कांहीं कमी घ्या" असें म्हणण्याची आपणांस संवय आहे. कारागिरास दान करावयाचें असेल तर तो आपण होऊन करील. दुसऱ्याच्या खिशांतून आपण देवास दान कसें देणार? तो मनुष्य हिंदु असेल, मुसलमान असेल. आपल्या घरीं जाऊन तो आपल्या मंडळीविषयीं काय सांगतो ह्याचाही विचार व्हावा.

ज्याच्या घरांत खरोखरच कांहीं नाहीं त्याची गोष्ट निराळी. त्यानें कारागिरास तोंडावर तसें सांगावें, असेल तें द्यावें, चार पायली धान द्यावें, आणि बाकी किती राहिली तें दोघांच्या देखत लिहून ठेवावें. सांगण्यास लाज वाटते म्हणून त्याची वाट चुकवून जाणें हें त्या कारागिरास अधिक लागतें.

उपदेशक बंधूंस एकच विनंती आहे. पेटी दुरुस्त करण्याचा ठराव पंचमंडळींत येईल त्याच बैठकींत रक्कम बाजूस काढून ठेवावी. ती जमली नसेल तर कारागिरास बोलावूं नये, आणि तोंवर टाळ-ढोलकीवर गावें. मागील वर्षांचें कोणाचें राहिलें असेल तर वही काढून पाहावें. तो कारागीर वारला असेल तर त्याचें घर शोधून त्याच्या विधवेस किंवा मुलांस तें पोंचतें करावें.