गेली म्हणजे कुणी नेली?

मराठीत योद्धा लढाईत मरत नाही, तो कामी येतो. नवऱ्याच्या चितेवर बाई जळत नाही, ती सती जाते. धरण झालं की जमीन कुणी घेत नाही, ती पाण्याखाली जाते. ही तिन्ही वाक्यं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मला ती खटकायला लागली गेल्या मे महिन्यात, मुळशीतल्या एका टेकाडावर.

आम्ही चौघं दोन बाइकवर पौडमार्गे गेलो होतो. मे महिन्यात मुळशी धरणाचं पाणी खूप खाली उतरलेलं असतं. पावसाळ्यात जवळजवळ बेट होणारं एक टेकाड तेव्हा सुकलेल्या चिखलाच्या पट्ट्यानं काठाला जोडलेलं होतं. वर पत्र्याच्या छपराचं छोटं देऊळ, आणि देवळामागे ओळीनं उभे केलेले काळे दगड. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे अजून कुणी लोकेशन पिन टाकलेली नाही आणि ती माझ्यामुळे पडू नये.

हे दगड म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रात ते शेकड्यांनी आहेत, बरेचसे शिलाहार-यादवांच्या काळातले, काही नंतरचे. तुमच्या गावच्या मारुतीच्या पारालाही एखादा टेकून ठेवलेला असेल. वाचायची रीत सोपी आहे: खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस, कधी त्याच्या शेजारी गाई, म्हणजे गुरं पळवायला आलेल्यांशी झुंजताना हा मेला. त्यावर लढाई. त्यावर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलाय. माथ्याशी चंद्र आणि सूर्य: ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. थोडक्यात, मरणापासून कैलासापर्यंतची गोष्ट कंबरेएवढ्या दगडात.

ओळीतला शेवटचा दगड मात्र वेगळा होता. त्यावर गोष्ट नव्हती. एका खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला हात. मनगटात बांगड्या, पंजा उघडा. वर तेच चंद्र-सूर्य. ही सतीशिळा. नवऱ्याला लढाई मिळाली, अप्सरा मिळाल्या, शंकर मिळाला. बाईचा फक्त हात उरला, तोही बांगड्यांमुळे. बांगड्या फुटलेल्या नाहीत, म्हणजे ती सौभाग्यवती गेली, हे सांगण्यापुरता.

देवळात दिवा लावायला एक आजी आल्या होत्या. आम्ही विचारलं, "आजी, हे कोण?"

"वीर हायेत, बाळा."

"कुठले? नाव काय?"

"ते काय म्हाईत न्हाई. आमच्या सासूबाई तेल घालायच्या, म्हनून मी घालते."

"आणि हा हात?"

"सतीआई." त्यांनी तिलाही तेल घातलं आणि आमच्याकडे बघितलं, तुम्हीही नमस्कार करा अशा अर्थानं.

आम्ही तिघांनी केला. चौथी, आमची मैत्रीण, हात खिशात घालून उभी राहिली. आजी गेल्यावर ती म्हणाली, "वीराला मी नमस्कार केला. तो दुसऱ्यांची गुरं वाचवताना मेला. पण हिला नमस्कार केला, तर तो कुणाला पोचतो? हिला, की हिला जाळणाऱ्यांना?"

एक मित्र म्हणाला, "आजच्या फूटपट्टीनं तेव्हाचं मोजू नकोस. तिची श्रद्धा असेल."

"असेल. पण तुला कसं कळलं? तिनं लिहून ठेवलंय का?"

वाद तिथे थांबला असता, पण प्रश्न खरोखर अडचणीचा आहे. वीरगळ असो की सतीशिळा, तो दगड मेलेल्या माणसानं लावलेला नसतो. तो मागे राहिलेल्यांनी लावलेला असतो. दगडावर जे दिसतं ते मेलेल्याचं मत नाही, ते जगलेल्यांना हवं असलेलं मत आहे. तो वीर तरी हौसेनं पुढे झाला होता की कुणी ढकलला होता, हे आपल्याला माहीत नाही. 'कामी आला' म्हणताना कुणाच्या कामी, हे आपण विचारत नाही.

निदान नाव तरी? आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. शेजारच्या कर्नाटकात पुष्कळांवर असतं. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचा इसवी सन ९४९-५० चा एक शिलालेख आता बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. तो काली नावाच्या शिकारी कुत्र्याचं स्मारक आहे. रानडुकराशी झुंजताना कुत्रा मेला आणि मालकानं त्याच्यासाठी दगड उभा केला. हजार वर्षांनंतरही त्या कुत्र्याचं नाव आपल्याला माहीत आहे. मुळशीतल्या त्या बाईचं नाही.

निघताना आजी पुन्हा भेटल्या. पाण्याकडे हात करून म्हणाल्या, "माझ्या आजेसासूचं माहेर तिथं खाली हाय. गेलं धरनात."

'गेलं'. पुन्हा तेच क्रियापद.

मुळशीचं धरण टाटांच्या वीज कंपनीचं. मुळा आणि निळा नद्यांचं पाणी अडवायचं, ते सह्याद्रीवरून कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तिथे तयार झालेली वीज मुंबईला द्यायची, अशी योजना. सरकारनं १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीसाठी वापरला. पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती. लोक गप्प बसले नाहीत. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, बायकाही होत्या. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात 'सेनापती' झाले आणि तुरुंगात गेले. अभ्यासक राजेंद्र व्होरांनी याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. पण लढा फुटला. पुष्कळशी जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. त्यांनी नुकसानभरपाई घेऊन सह्या केल्या. जे पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसत होते, त्यांची सही लागलीच नाही. १९२७ पर्यंत धरण उभं राहिलं.

आज या लोकांबद्दल बोलताना काय म्हणतात? 'त्यांनी विकासासाठी त्याग केला.' ज्यांनी तुरुंगात जाऊन 'देणार नाही' म्हणून सांगितलं, त्यांच्या नावावर आपण 'दिलं' असं कोरून ठेवतो. सतीशिळेवरचा हात आणि हे वाक्य मला एकाच छिन्नीनं घडलेले वाटतात.

आता कुणी म्हणेल, काही जणी खरंच स्वतःहून गेल्या असतील. पुणे जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव पेशवे वारले आणि रमाबाई सती गेल्या. हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता असंच आपण ऐकत आलो. रणजित देसाईंची 'स्वामी' वाचून घरोघरी लोक रडले. मी तो निर्णय खोटा ठरवू शकत नाही. 'त्या काळच्या बाईला स्वतःचं मन असणंच शक्य नव्हतं' असं म्हटलं, तर मीही तिच्या वतीनं बोलणारा आणखी एक पुरुष होतो. आधी तिचं आयुष्य गेलं, मग मी तिचं मनही काढून घेतलं.

पण निर्णय मोजायचा तर दुसऱ्या दाराआड काय होतं हेही बघावं लागतं. दुसरं दार होतं केशवपन, अंधारी खोली, उरलेल्या आयुष्यभर अपशकुनी ठरणं. अशा दोन दारांपैकी एक निवडलं म्हणून त्याला 'त्याग' म्हणायचं का? सावकारानं सही केल्यावर हातात येतील ते पैसे घेणाऱ्या कुळाला 'राजी' म्हणायचं का?

हा प्रश्न जुना झालेला नाही. सप्टेंबर १९८७ मध्ये राजस्थानातल्या देवराळ्यात अठरा वर्षांची रूपकंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. सगळं भांडण एका क्रियापदाचं होतं: गेली की घातली? खटले वर्षानुवर्षं चालले. त्यानंतर झालेल्या कायद्यानं सती घालणं तर गुन्हा ठरवलंच, शिवाय सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा ठरवला. म्हणजे कायद्यालाही हे कळलं होतं की आज बांधलेलं देऊळ उद्याच्या मुलीसाठी दुसरं दार बंद करतं.

मला वाटतं, त्याग हा शब्द फक्त 'मी'बरोबर वापरता येतो. 'मी त्याग केला' हे खरं किंवा खोटं असू शकतं. 'त्यांनी त्याग केला' हे बहुतेक वेळा फायदा झालेल्याचं वाक्य असतं, आणि ते उपकार फेडायची जबाबदारी टाळतं. टाळ्या वाजवल्या की हिशेब मिटला. २०२० साली आपण बाल्कनीत थाळ्या वाजवून नर्सना 'योद्धे' म्हटलं, तेव्हा किती जणींना पीपीई किट नव्हतं हे आठवून बघा. घरात 'आईनं किती सोसलं' असं कौतुकानं सांगणाऱ्यांत तिला सोसायला लावणारेही बसलेले असतात.

मग दगडांचं काय करायचं? फोडायचे नाहीत. फोडले तर त्या बाईचा उरलेला एक हातही जाईल. संग्रहालयात न्यायचे, तर आजींचं तेल कुठे जाणार? त्या तेलात उदात्तीकरण आहे असं मला वाटत नाही. नाव माहीत नसलेल्या कुणाची तरी विचारपूस आहे. आमच्या मैत्रिणीचं हात न जोडणंही मला तितकंच आदराचं वाटलं. तिनं त्या बाईसाठी एक प्रश्न विचारला, आणि तो त्या दगडापुढे यापूर्वी फार कुणी विचारला नसावा.

माझ्यापुरतं मी एवढं ठरवलंय: वाक्यात कर्ता घालायचा. सती गेली, असं न म्हणता विचारायचं, तिला कुणी नेलं? कामी आला, कुणाच्या? जमीन गेली, घेतली कुणी, सही कुणाची होती आणि त्या पाण्यावरची वीज कुठे लागली? उत्तर कधी मिळेल, कधी मिळणार नाही. मिळालं नाही, तर ती जागा कोरी ठेवायची, तिथे 'त्याग' लिहायचं नाही.