सुवर्णयुग आणि वेठ

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत उभे राहिले की दोन काळ समोर येतात. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सैन्य रतनपुरावर चालून आले आणि छत्तीसगडात मराठी सत्तेचा पाया पडला. आपल्यापैकी पुष्कळांना तो काळ सोन्याचा वाटतो. इतरांना 1 नोव्हेंबर 2000 रोजी राज्य झालेल्या छत्तीसगडचे, भिलाईच्या पोलादाचे व नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांचे कौतुक. यांत थोर काळ कोणता?

पवित्र शास्त्रातील सुवर्णयुग शलमोनाचे. त्याच्या दिवसांत रुप्यालाही मोल उरले नव्हते. परंतु तेच शास्त्र सांगते की, लबानोनातील कामासाठी त्याने 30,000 इस्राएली माणसे वेठीस धरली. मूळ इब्री ‘मस’ या शब्दाचे भाषांतर करताना मराठीत अडत नाही. ‘वेठ’ आपल्या मराठेशाहीतही रूढ होती. शलमोन वारल्यावर लोकांनी रहबामाकडे मागणे केले ते जू हलके करण्याचे. ओझे वाहिलेल्यांची ही साक्ष होय.

मग काळ तोलावा कशाने? गडांच्या उंचीने नव्हे, पोलादाच्या टनांनीही नव्हे. पूर्वीच्या दिवसांची थोरवी गाणाऱ्याला उपदेशक शहाणा म्हणत नाही. म्हणून आजच्या दिवसांची गावी, असेही नाही. आपल्या नव्या रस्त्यावर खडी वाहणाऱ्या मजुराला विचारा, जू हलके झाले काय? त्याचे उत्तर ऐकण्याची आपली तयारी आहे ना?