शेंदराखालचे दैवत

मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदूर उतरवल्यावर खाली जे रूप दिसते ते अधिक खरे दैवत मानावे काय, हा प्रश्न मूर्तिपूजेच्या मुळाशी जातो. सुरतेतील पर्वत पाटिया, लिंबायत या भागांत खानदेशातून कामधंद्यासाठी आलेली मराठी कुटुंबे वसली असून त्यांपैकी अनेकांची कुलदेवता वणीची सप्तशृंगी असल्यामुळे हा प्रश्न त्यांच्या देव्हाऱ्यालाही लागू होतो. सप्तशृंग गडावरील अठरा हातांची, कड्यातच कोरलेली मूर्ती शेकडो किलो शेंदराच्या थराखाली झाकली गेली होती. २०२२ साली मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून तो थर उतरवण्यात आला आणि त्या वर्षीच्या घटस्थापनेला भाविकांना मूर्तीचे मूळ रूप दिसले.

शेंदूर म्हणजे मुख्यतः शिशाचे नारिंगी भस्म. ते तेलात कालवून लावले की वाळून कठीण होते, आणि लेपावर लेप चढत गेला की नाक, डोळे, आयुधे पुसट होऊन मूर्ती आकाराने फुगते. मोरगावच्या मयूरेश्वराचे असे कवच १७८८ आणि १८८२ साली आपोआप गळून पडल्याची नोंद आहे, आणि अशा वेळी देवाने खोळ टाकली असे भाविक म्हणतात. कवच आपोआप गळले तर ती देवाची इच्छा आणि माणसाने काढले तर तो अपराध, हा भेद मात्र विचाराअंती टिकत नाही, कारण लेपही माणसाच्याच हाताने चढलेला असतो.

अद्वैत वेदान्तात अध्यारोप-अपवाद नावाची रीत आहे: वस्तूवर जे मुळात नाही ते आधी कल्पनेने आरोपायचे आणि मग विचाराने दूर सारायचे. शेंदराला हा दृष्टान्त सहज चिकटवता येतो, पण तो पुरा लागू पडत नाही. अज्ञानाचे आवरण कोणी भक्तीने चढवत नाही; शेंदराचा प्रत्येक थर मात्र कोणाच्या तरी नवसाचा आणि हातांचा आहे, म्हणून तो केवळ मळ समजणे अन्यायाचे होईल.

देव्हाऱ्यातील टाकांच्या बाबतीत नेमके उलट घडते. टाक म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या पातळ पत्र्यावर उठवलेली कुलदैवताची लहान प्रतिमा. राख, चिंच, लिंबू लावून ती पिढ्यान्‌पिढ्या घासली जाते आणि अखेर खंडेरावाचा घोडाही ओळखू येत नाही. मोठ्या मूर्तीचा चेहरा पूजेने झाकला जातो, लहान टाकाचा चेहरा पूजेनेच झिजतो, तरी दोन्ही ठिकाणी पूजा खंडित होत नाही. झिजलेले टाक सोनाराकडून उजळून किंवा नव्याने घडवून पुन्हा पूजेत घेतले जातात, आणि जीर्ण मूर्तीच्या उद्धाराचा विचार कमलाकरभट्टांच्या १६१२ सालच्या ‘निर्णयसिंधू’नेही केला आहे. दैवत एखाद्या पृष्ठभागाला कायमचे बांधलेले नाही, ही समजूत या दोन्हींत गृहीत आहे.

यावरून शेंदूर उतरवण्याचा अधिकार सिद्ध होतो, घाईचा नाही. दगडाला धोका असेल तेव्हा जाणकारांच्या देखरेखीखाली लेप काढावा, आणि घरच्या लहान शेंदरी मूर्तीवर तेजाब किंवा लोखंडी पाते कधीही वापरू नये. शिसे विषारी असल्याने शेंदराचे वाळलेले थर घरात खरवडून धूळ उडवू नये आणि निघालेला शेंदूर नदीत सोडू नये. तापीच्या पाण्यावर सारी सुरत जगते.