बिलावर सही करण्याआधी

अहिल्यानगर

चि. बाळास,



जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात तू कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालास, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. पाठोपाठ तुझी शंकाही कळली. तिथे खालपासून वरपर्यंत टक्के ठरलेले असतात म्हणतात, मग विश्वासी माणसाने त्या खात्यात राहावं का? मंडळीतल्या कुणी तरी तर तुला राजीनामा देऊन शाळेत लागायचा सल्ला दिला म्हणे. मी हयातभर सरकारी बिलं तपासत आलो, म्हणून चार गोष्टी लिहितो.

नोकरी सोडू नकोस. लूकचा तिसरा अध्याय काढून बघ. यार्देनच्या परिसरात बाप्तिस्मा घ्यायला जकातदार आले होते. लोकांच्या लेखी ते लुटारूच. आम्ही काय करावं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने त्यांना नाकी सोडून द्यायला सांगितलं नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं. शिपायांनाही तेच: कुणाला दरडावून पैसे काढू नका, पगारात भागवा. योहान स्वतः टोळ खाऊन रानात राहायचा, पण दुसऱ्यांना त्याने रानात बोलावलं नाही. त्यांना त्यांच्याच खुर्चीवर परत पाठवलं.

आता तू म्हणशील, मी घेणार नाही असा निश्चय केलाच आहे. निश्चय चांगलाच आहे, पण नुसत्या निश्चयावर भिस्त ठेवू नकोस. पाऊस कोसळायला लागल्यावर छप्पर शाकारता येत नाही. प्रामाणिकपणाची तजवीज आधी करावी लागते.

पौलाने ती कशी केली ते बघ. यरुशलेमच्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा होत होती. मी प्रेषित आहे, माझ्यावर विश्वास ठेवा, असं तो म्हणू शकला असता. पण त्या कामी त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस दिला. कारणही करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात उघड सांगितलं: एवढ्या पैशाबद्दल कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, व्यवहार देवापुढे चोख असावा तसा माणसांपुढेही असावा. आपलं मन देवाला ठाऊक आहे, असं म्हणून हिशेब गुंडाळणारे पुष्कळ भेटतील. पौल त्यांतला नव्हता.

तुझ्या कामात याचा अर्थ असा. रस्त्याचं मोजमाप ऑफिसात बसून ठेकेदाराच्या कागदावरून मोजमाप पुस्तकात, म्हणजे एम.बी.त, उतरवू नकोस. टेप घेऊन स्वतः जा. खडीच्या थराची दबाई झाल्यावर जाडी 75 मिलिमीटर दाखवली असेल, तर दोन-तीन ठिकाणी खड्डा खणून मोज. जागा तू निवड, ठेकेदाराच्या मुकादमाला निवडू देऊ नकोस. मोजताना गावातली दोन माणसं उभी असू देत. आकडा तिथल्या तिथे लिही. मागाहून भरतो म्हणून कोरी ठेवलेली ओळ मागाहून दुसराच कुणी तरी भरून घेतो.

दुसरं, काम शीक. प्रामाणिक पण अडाणी अभियंत्याला ठेकेदार सहज गुंडाळतो. बायबलचं मराठी भाषांतर करायचं म्हणून पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी त्या ग्रंथाचे खिळे जुळवले. 1922 साली बाई गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. एवढी श्रद्धा असलेल्या बाईलाही व्याकरणातून सूट मिळाली नाही. तुलाही मानकांतून आणि दरसूचीतून मिळणार नाही. रोज रात्री अर्धा तास त्यांना दे.

तिसरं, खर्च आटोक्यात ठेव. पहिल्या पगाराबरोबर बँका गाडीच्या कर्जासाठी फोन करतील. हप्ता पगाराला जड झाला की माणूस पाकीट येण्याआधीच विकला गेलेला असतो. दोन वर्षं मोटारसायकलवर काढ.

दिवाळीत मिठाईचा डबा येईल. तो ऑफिसच्या टेबलावर उघडायचा, शिपायापासून सगळ्यांनी खायचं. डब्याखाली पाकीट असेल तर ते त्याच घडीला, चारचौघांसमोर, हसून परत द्यायचं. प्रवचन द्यायचं नाही. आणि असल्या पैशाचा दशमांश काढून मन साफ करायच्या फंदात तर मुळीच पडू नकोस. जकातदार जक्कयाने निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायचं कबूल केलं, पण ज्याला नाडलं त्याला चौपट परत करण्याचंही तो त्याच दमात बोलला. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं द्यावीत, असा नियमशास्त्राचा दंड होता. त्याने तो आपण होऊन मागून घेतला. मंडळीची दानपेटी असला पैसा धुण्याची जागा नव्हे.

बिलावर सही करण्याआधी आणखी एक विचारत जा: मजुरी पोचली का? डांबराच्या धुरात उभ्या असलेल्या बायकांनाच विचार, मुकादमाला नको. मजुराची मजुरी दिवस मावळण्याआधी द्यावी, असं बायबलच्या अनुवाद या पुस्तकात आहे. अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते, असं याकोब म्हणतो. हे तुझ्या कामाच्या कक्षेत येत नाही, असं सांगणारे निघतील. त्यांचं ऐकू नकोस.

याने तुझं भलंच होईल, असं मी म्हणणार नाही. बदली होईल, लांबच्या तालुक्यात होईल. दानीएलाच्या कारभारात वैऱ्यांना खोट सापडली नाही, तरी त्याला सिंहांच्या गुहेत जावंच लागलं. पण म्हणून कपाळाला आठ्या घालून, सगळे चोर आणि मी एकटा साव, अशा तोऱ्यात वावरू नकोस. माझ्या कचेरीत सर्वांत चोख हिशेब एका माळकरी कारकुनाचा असे. आम्ही अडलेली फाईल त्यालाच दाखवायचो. तुझ्याही ऑफिसात असा कुणी असेल. त्याला शोध, त्याच्याशेजारी बसून चहा घे, त्याच्याकडून शीक.

शेवटचं सांगतो, तेही पौलाच्याच रीतीचं. आपला व्यवहार बघणारं एक माणूस कायम असू दे. लग्न झाल्यावर ती तुझी बायको असेल. तोवर दर महिन्याला पासबुक आईसमोर ठेवत जा. एखादी रक्कम कुठून आली असं तिने विचारलं आणि उत्तर द्यायला तुला घटकाभर विचार करावा लागला, तर त्या रविवारी प्रभुभोजनाला बसण्याआधी ती रक्कम परत करून ये.

तुझा,
मामा