चांगल्यासाठी सांगितलेले खोटे

चांगला परिणाम साधायचा असेल तर थोडेसे खोटे चालते का? हा प्रश्न फार जुना आहे. २०१२ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत लागलेल्या एका जाहिरातीने तो पुन्हा नव्याने लोकांसमोर आणला.

जाहिरात शहराच्या आरोग्य खात्याची होती. चित्रात एक स्थूल माणूस बसलेला, त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला. सोबत शीतपेयाचे पेले, एकापेक्षा एक मोठे. संदेश सरळ होता : खाण्यापिण्याचे माप वाढले, तसा टाईप टू मधुमेह वाढला आणि त्यापायी पाय गमावण्याची पाळी येऊ शकते.

त्याच जानेवारी महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले की त्या माणसाचे दोन्ही पाय शाबूत आहेत. तो एक अभिनेता होता. विकत घेतलेल्या त्याच्या छायाचित्रातील पाय संगणकावर पुसून टाकलेला होता. आपले असे चित्र शहरभर लागले आहे हे कळल्यावर त्या अभिनेत्याला धक्काच बसला.

लोकांत दोन तट पडले. एकांचे म्हणणे, ही लोकांची फसवणूक आहे. शीतपेय कंपन्यांच्या संघटनेनेही टीका केली. अर्थात तिचा स्वार्थ उघडच होता. दुसऱ्यांचे म्हणणे, रोग खरा आहे, पाय खरोखर कापावे लागतात, मग चित्रातला माणूस कोण याला काय महत्त्व? आरोग्य खात्यानेही असाच बचाव केला. आम्ही कधी खरे रुग्ण घेतो, कधी अभिनेते. खाद्यपदार्थांच्या कंपन्यांनी आपल्या जाहिरातींतले अभिनेते बंद केले तर आम्हीही करू, असे उत्तर त्यांनी दिले.

हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. परंतु थोडा विचार करू या. शीतपेयाच्या जाहिरातीत हसणारा तरुण अभिनेता आहे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. आरोग्य खाते जेव्हा पाय नसलेला माणूस दाखवते, तेव्हा पाहणारा ती साक्ष समजतो : या माणसाचे असे झाले, उद्या माझेही होईल. त्या चित्राचा सगळा जोर 'हे घडले आहे' या विश्वासात होता. आणि नेमके तेच घडलेले नव्हते. शिवाय, समोरचा पारदर्शक वागत नाही म्हणून मीही वागणार नाही, हे दुकानदारांच्या भांडणात शोभते. ज्याच्या शब्दावर आजारी माणूस औषध घेतो, त्याला शोभत नाही.

संत ऑगस्टीन यांनी खोटेपणावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. चांगल्या हेतूने सांगितलेले खोटेही त्यांनी मान्य केले नाही. त्यांचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. उपयोगी पडेल तेथे खोटे चालते असे एकदा ठरले, की मग कोणते वाक्य खरे आणि कोणते केवळ उपयोगाचे, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? आरोग्य खात्याची खरी शिदोरी हा विश्वासच असतो. उद्या साथ येईल, लस घ्या म्हणून सांगावे लागेल, तेव्हा कोणीतरी म्हणेल : यांनीच ना तो पाय पुसला होता?

व्हॅटिकनने १९९७ साली जाहिरातींच्या नीतीवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात तीन कसोट्या सांगितल्या आहेत : सत्य, माणसाची प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी. न्यूयॉर्कच्या जाहिरातीने तिसरी कसोटी डोळ्यांपुढे ठेवली, पण पहिल्या दोन बाजूला सारल्या. छायाचित्रातला माणूस तिला माणूस म्हणून नको होता. भीती दाखवायला एक शरीर हवे होते.

चित्रात आणखी एक अर्धसत्य होते : मधुमेह म्हणजे लठ्ठ माणसाचा, हावरटपणाचा रोग. वजन हे मोठे कारण आहे खरे. पण आनुवंशिकता आहे, वय आहे, बैठे काम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उंची-वजनाचे गणित दोघांचे एकच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्यालाही मधुमेह गाठतो तो यामुळे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक. लठ्ठ माणसाचे चित्र पाहून आपल्यातला सडपातळ माणूस निर्धास्त होईल आणि लठ्ठ माणूस खाली मान घालून तपासणीच टाळील.

मग भीती दाखवूच नये काय? तसे नाही. कडा समोर असताना ओरडून थांबवणे हे प्रेमच आहे. त्याच वर्षी, मार्च २०१२ मध्ये, अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने धूम्रपानाविरुद्ध मोहीम सुरू केली. तिच्यात खरे रुग्ण स्वतःच्या तोंडाने बोलत होते. पुढे तिच्यात बिल नावाचा एक मधुमेही आला. धूम्रपानाने त्याचा आजार बळावला आणि त्याचा पाय कापावा लागला होता. तो कृत्रिम पाय दाखवून बोलत असे. २०१४ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी तो वारला. ही चित्रेही पाहवत नाहीत. पण येथे कोणी कोणाला वापरले नाही. एका माणसाने आपली जखम दुसऱ्याच्या भल्यासाठी स्वतःहून उघडी केली. पहिल्या मोहिमेनंतर सुमारे १६ लाख लोकांनी सिगारेट सोडण्याचा प्रयत्न केला असा अंदाज निघाला. सत्य दुबळे असते, त्याला खोट्याचा टेकू लागतो, असे म्हणायला म्हणूनच जागा उरत नाही.

हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांचा नाही. साखर वाढल्याचे कळताच आपण घरात काय म्हणतो? "खा अजून गोड!" जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही विचारले होते, पाप कोणाचे? प्रभू येशूने दोषाचा हिशेब मांडला नाही. त्याने त्या माणसाला दृष्टी दिली. सणाला आग्रहाने ताटात गोड वाढणारे आणि नंतर दोष देणारे हात पुष्कळदा एकच असतात.

मधुमेह्याला खरे सांगावे : पायाच्या नसा बधिर होतात, जखम दुखत नाही म्हणून कळत नाही, ती चिघळते आणि मग पाय जातो. एवढे सांगून थांबू नये. रोज रात्री त्याचे तळवे दिव्याखाली पाहावेत, तपासणीला सोबत जावे, संध्याकाळी बरोबर चालावे. जो बरोबर चालतो, त्याला घाबरवण्यासाठी खोटे चित्र लागत नाही.